लाल पेन्सिल

बाल्टिमोरमधल्या त्या चित्रशाळेत डॉक्टरांच्या पुस्तकासाठी काढलेलं प्रत्येक चित्र आधी सहकाऱ्याने तपासायचं, असा रिवाजच होता. विनिफ्रेडने हृदयातलं छिद्र शिवतानाचं चित्र काढलं आणि सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. तपासणी आली तिची सहकारी लोरेटाकडे, आणि लोरेटाचा नुसता जळफळाट! लाल पेन्सिल परजून ती दोन दिवस त्या चित्रावर वाकून बसली.

"सापडली का गं चूक?" विनिफ्रेडने हसत विचारलं.

"सापडेल की! जाते कुठे?"

नाहीच सापडली. शेवटी चडफडत तिने सही ठोकली.

वीस वर्षांनी लोरेटाच्या नातीच्या ऑपरेशनआधी तरुण डॉक्टरने पुस्तकातलं तेच चित्र उघडलं. "आजी, हे बघा, असं शिवणार. मी शिकलोच या चित्रावरून."

लोरेटाने चष्मा चढवला आणि रेघ न् रेघ पुन्हा तपासली. चूक सापडू नये अशा आशेने, पहिल्यांदाच.