नुसता उघडला

"पण मी लिंकला हातसुद्धा लावला नव्हता," ताई म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत ना? मेल नुसता उघडला, वाचला, बंद केला."

खोटं नव्हतं ते. मॉनिटरच्या कडेला ताईंच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठीच होती: अनोळखी लिंकवर क्लिक करायचं नाही. ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञानेच ती लिहून घ्यायला लावली होती. आता त्याला त्या चिठ्ठीकडे बघवेना.

"उघडला, तेवढंच पुरलं," तो म्हणाला. "मेलच्या पोटात कोड लपवला होता. आपलं मेलचं सॉफ्टवेअर जुनं. असला कोड गाळायचा सोडून त्याने तो चालवला, तोही तुमच्या नावाने. तेव्हापासून तुम्हाला येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत बाहेर जातेय."

सॉफ्टवेअर बदला म्हणून त्याने वर दोनदा कळवलं होतं. चालतंय ना, मग कशाला उगाच हात लावता, असं उत्तर आलं. मग तोही गप्प बसला. गप्प बसायला काय लागतं?

त्या मेलमध्ये दोनच ओळी होत्या. नवरा मारतो. मदत करा. घर सोडून पळालेल्या बायकांना लपायला जागा शोधून देणारं हे ऑफिस; इथे अनोळखी मेल उघडायचा नाही, तर करायचं काय?

"कधी आलेला?"

"सोमवारी."

"त्यानंतर कुणाचा पत्ता आला मेलवर?"

ताईंचा चेहरा उतरला. एकीचाच. शिवणकाम करणारी, चार वर्षांची मुलगी बरोबर. घरमालकिणीने कालच कळवला होता, खोलीच्या नंबरासकट. नवरा कॉम्प्युटरवाला आहे, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ताईंनी ते फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात नीट लिहूनही घेतलं होतं.

तिचा फोन नुसता वाजत राहिला. ताईंनी घरमालकिणीला लावला. स्पीकर तंत्रज्ञाने चालू केला.

"अहो, आलेत ना तिचे मिस्टर, मघाशीच!" मालकीण कौतुकाने सांगू लागली. "मी तुम्हाला पाठवलेला मेलच दाखवला त्यांनी मोबाइलवर. म्हटलं, ताईंनीच पाठवलं असणार. ही तर दारच उघडेना. शेवटी मीच माझ्या किल्लीने उघडून दिलं. किती शांत माणूस हो! पाय पुसून आत गेले."