स्पीकरमधली बाई

देवकाबाईचे हात आता रोवणीत मागे पडत, तरी सौंदडचे शेतकरी दरवर्षी तिलाच आधी बोलवत. तिने गाणं धरलं की बाकीच्या बाया कंबरदुखी विसरून धान रोवत जायच्या.

मागच्या हंगामात तिची भाची आचल शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून ती गाणी तिच्याच आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करत होती. पुढे तिने ती दोन रुपयांत गाणं डाउनलोड करून देणाऱ्या एका साइटला विकली. आत्याला विचारायचं राहून गेलं, की तिने राहू दिलं, हे तिचं तिलाच ठाऊक. साइटवाल्यांनी मागून ढोलक जोडला आणि आचलला नवे इअरबड आले.

यंदा धुऱ्याधुऱ्यावर स्पीकर वाजू लागले. भर रोवणीत देवकाबाई ओसरीवर बसलेली पाहून आचल कानातले इअरबड काढत तिच्याशेजारी टेकली.

"आत्या, तुले नाही बोलावलं?"

"मले कायले बोलावतीन? त्या डब्यात एक बाई गाऊन राहिली ना. गाणे माझेच हायेत, पण गळा मोठा गोड तिचा."

ती थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिली.


"तिले तरी पैसे बरोबर देत असतीन ना वं, आचल?"