पंचविसावी तक्रार

“शेठ, एक तक्रार लिहून द्या. एकच,” म्हणत यशोधरा मॅडमनं रजिस्टर हस्तीमलच्या साड्यांच्या दुकानातल्या गादीवर ठेवलं.

एकतीस मार्च, दुपारचे चार. पाचला पुण्याला आकडा कळवायचा होता. जुन्नरच्या सरकारी वीज ग्राहक मदत कक्षात एक टेबल, एक खुर्ची आणि मॅडम. वर्षाला पंचवीस तक्रारी आल्या तर पुढच्या सालचं अनुदान, नाहीतर कक्षाला कुलूप आणि मॅडम घरी. लोक तक्रार करत नाहीत म्हणजे सुखात आहेत, असा वरच्यांचा हिशेब. चोवीस झाल्या होत्या, त्याही सगळ्या कळंब-पारगावकडच्या. बाजारपेठेतली एक नाही.

हाच हस्तीमल रोज चहा पिताना ओरडायचा, “बंद गोडाऊनला सहाशे युनिट. उंदरांनी मिक्सर लावलाय का?”

आज म्हणाला, “तक्रार कसली मॅडम? आपल्याला काय कमी न्हाई.”

कारण दुकानासमोरच्या खांबावर वायरमन हौशीराम चढला होता. याचं तोंड वाकडं झालं की फ्यूज बसायला आठवडा लागतो, अशी बाजाराची पक्की समजूत.

मॅडम शेजारच्या चहावालीकडं वळल्या. “मावशी, तुम्ही तरी?”

“आमच्याकडं लाईट जातच न्हाई बाई,” प्रयागबाई खांबाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली.

तेवढ्यात वर हौशीरामनं काहीतरी ओढलं आणि शेठचा पंखा थांबला. सगळ्यांनी छताकडं पाहिलं.

“हवा लई गार सुटलीय,” हस्तीमल घाम पुसत म्हणाला.

हौशीराम खाली उतरला. “मॅडम, उन्हाचं कशाला फिरताय?”

मॅडमनं सांगितलं. आता लपवून तरी काय करायचं? प्रयागबाई भांडी विसळू लागली, हस्तीमल उगाच साडीची घडी मोडून परत घालू लागला.

हौशीरामनं पक्कड बाकड्यावर ठेवली. आतल्या खिशातून घामानं भिजलेलं बिल काढलं.

“माजी घ्या. दोन बल्ब अन् एक टीव्ही, नऊशे युनिट. आठ दिस झालं, बायको बोलत न्हाई.”

“तुमच्या आळीचं रीडिंग कोण घेतं?”

“मीच.”

“मीटर बघून?”

हौशीराम जरा घुटमळला. मग प्रयागबाईच्या बाकड्यावर थाप मारली. “हितं बसून. अंदाजानं. समद्यांचंच.”

प्रयागबाईच्या हातातली किटली तशीच राहिली. हस्तीमलच्या हातातली साडी तशीच.

“साहेबाकडं जावं, तर पैला सवाल, रीडिंग कुणी लिवलं. म्हून तुमच्याकडं.”

मॅडमनं पेन उघडलं. “तक्रार कुणाविरुद्ध?”

“लिवा, हौशीराम वायरमन.”

“आणि तक्रारदार?”

“हौशीराम, ग्राहक. त्यानं कुणाचं घोडं मारलंय?”

मॅडमचं हसू दाबता दाबेना. सही होताच हस्तीमलनं गल्ल्याखालून बिलांचा गठ्ठा ओढला आणि रजिस्टर हळूच आपल्याकडं सरकवलं.

“मॅडम, सव्विसावी चालंल का?”

“करा की शेठ,” हौशीरामच म्हणाला. “फकस्त अक्षर नीट काढा. वाचायचं मलाच हाय.”

“तुज्या चहाला आजपासून साखर न्हाई,” प्रयागबाई म्हणाली, आणि पदराला हात पुसत शेठच्या मागं रांगेत उभी राहिली.

मॅडमनं कार्बनखालच्या दोन प्रती फाडल्या. “एक तक्रारदाराला. एक, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला.”

हौशीरामनं दोन्ही घेतल्या. एक डाव्या खिशात घातली, एक उजव्या खिशात, आणि शेठचा पंखा चालू करायला पुन्हा खांबावर चढला.