दोघींचा मनोरा

"माझ्याशिवाय मनोऱ्यावर चढायचं नाही हं, आपण दोघी मिळूनच बघायचा." लग्न होऊन मी या शहरात यायला निघाले, तेव्हा ताईनं बजावलं होतं. रोजच्या जपासारखंच मी तेही पाळलं. आल्या-गेल्या पाहुण्यांना भर शहरातला तो मनोऱ्याचा चौक दाखवायला कितीदा गेले. ते वर जायचे आणि मी खाली कारंज्यापाशी बसून राहायचे. "जग विमानानं येऊन बघून जातं, आणि आमच्या घरचं माणूस खाली पिशव्या राखतं," हे चिडवायचे. मी नुसती हसायचे.

आज ताई पहिल्यांदाच माझ्याकडे आली. तिला संग्रहालय दाखवलं, जुना बाजार दाखवला, आणि तिकिटं काढून दोघी मनोऱ्याच्या दारातून आत शिरलो. मला अगदी भरून आलं होतं. समोर दिसली त्या डावीकडच्या लिफ्टकडे मी निघाले.

"अगं, तिकडे कुठे? ती मधल्या मजल्यापर्यंतच जाते. वरची उजवीकडे," ताई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"कधी आली होतीस, ताई?"

"यांच्या ऑफिसच्या लोकांबरोबर... दोन-तीनदा. म्हटलं, कळवलं तर तुझी उगाच धावपळ होईल."



मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, तिचा हात धरला आणि ठरल्याप्रमाणे दोघी मिळून उजवीकडच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो.