नवा पासवर्ड

नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीत समोरच्या बाईंचा चेहरा तिसऱ्यांदा गोठला आणि मृण्मयीचं डोकंच फिरलं. शेजारचे पेंढारकर काका वर्षभर तिचंच वायफाय वापरत होते. पाचच्या शेवटच्या फेरीआधी तिनं रागारागानं पासवर्ड बदलला : फुकटेकाका. फेरी सुरळीत पार पडली.

सहा वाजले. रोज या वेळी काका टोरांटोतल्या लेकीशी इतक्या मोठ्यानं बोलत, की मृण्मयीला स्वतःचा टीव्ही ऐकू येत नसे. आज भिंत गप्प होती. साडेसहालाही गप्पच. ती चप्पल न घालताच धावली.

काका इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, फोनसमोर बसले होते. “आज पोरीला वेळ नाही झाला वाटतं,” ते कसनुसं हसले.

“नेट गेलं असेल, काका. द्या इकडे.” पाठ फिरवून तिनं पासवर्ड टाकला. लगेच फोन खणाणला. लेक रडकुंडीला आली होती. “बाबा, किती घाबरले मी!”

बोलणं आटोपल्यावर काकांनी डायरी उघडली, चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं.

“नवा पासवर्ड टाकलास ना? सांग, लिहून घेतो. तुला पुन्हा हेलपाटा नको.”