कुलपातली घागर

"पाणी चोरणारी मी न्हाई, सायब. चोर तुमी!"

परभणीच्या सरकारी दवाखान्यात असं कुणी बोलत नसे. मुलूख निजामाचा, पण दवाखान्यात राज्य मोठ्या डॉक्टरांचं, म्हणजे सायबांचं. मानवतची सिद्धम्मा मात्र तहानेनं पेटली होती. ओठ फुटलेले, जीभ टाळूला चिकटलेली. तिची घागर सकाळपासून कोठीत, कुलपात.

तिला मधुमेह. सुया चालू झाल्या, लघवीतली साखर गेली, तरी बाई घागरीवर घागर रिचवतच होती. "तहान कसली, खोड आहे ही," सायबांनी ठरवून टाकलं. "पाणी बंद करा, मुतणंही बंद होईल."

मुतणं बंद झालं नाही. मग सायबांना वाटलं, ही शेजारणीचं पाणी चोरून पिते. सिद्धम्मानं गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन आण घेतली. सायबांचा विश्वास बसेना. खाटेपाशी खुर्ची टाकून स्वतःच राखण करत बसले.

आता दुपार टळली होती. सायबांच्या डोळ्यांदेखत सिद्धम्माच्या पोटात घोट गेला नव्हता, आणि पडद्याआडचं मुताचं भांडं पुन्हा काठोकाठ. तिची सून नागुबाईनं ते आणून त्यांच्या बुटांपाशी ठेवलं. आडाच्या पाण्यासारखं नितळ.

सायबांनी निळ्या औषधात थेंब टाकून नळी दिव्यावर उकळली. साखर असती तर विटेचा रंग चढला असता. निळं ते निळंच.

"मुंग्यांनीबी माज्या मुताचा कवाच नाद सोडलाय," सिद्धम्मा म्हणाली. "तुमी कवा सोडता?"

सगळा वार्ड हसला. सायब नळीकडे बघत राहिले, मग तिच्या ओठांकडे.

"रोग दोन आहेत," ते हळूच म्हणाले. "एक साखरेचा. दुसरा नुसत्या पाण्याचा, त्यात अंगात पाणी ठरतच नाही. एकाच माणसात दोन्ही मी कधी पाहिले नव्हते. दुसऱ्याचीही सुई असते. हैदराबादहून मागवतो."

"ती येईल तवा येईल. आदी किल्ली!" नागुबाईनं हात पुढं केला.

सायब स्वतः उठले. भरली घागर छातीशी धरून आले तेव्हा कोट भिजून चिंब झाला होता. सिद्धम्मा घटाघटा प्याली. पाणी हनुवटीवरून गळ्यातल्या इष्टलिंगावर ओघळलं.

"पी माय, पी!" पलीकडच्या खाटेवरून कडूबाई ओरडली.

तोंड पुसून सिद्धम्मानं घागर मांडीशी घट्ट धरली.

"एका रोगाला सुई दिलीत, दुसऱ्याला कुलूप. आता सांगा सायब, मगाशी मी मेले असते, तर कोनत्या रोगानं मेली म्हनून लिवलं असतं?"