आतून आटे, बाहेरून आटे

पाण्याच्या फिल्टरच्या नळीचा जोड तुटला म्हणून महारुद्र वाशीतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. तुटका जोड मात्र घरीच विसरला.

"नर पाहिजे का मादी?" दुकानदार साजिदभाईंनी विचारलं. "बाहेरून आटे असले की नर, आतून असले की मादी."

महारुद्रनं बायकोला फोन लावला आणि स्पीकर चालू करून काउंटरवर ठेवला. अर्पिता सकाळीच सोनोग्राफी करून आली होती, जरा आडवी झाली होती. फोन महारुद्रच्या आईनं, कमलबाईंनी उचलला.

"आई, जरा बघून सांग की, नर हाय का मादी?"

पलीकडं कमलबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"फोनवर असलं विचारू नको, बाबा. म्या डॉक्टरीणबाईला लई खोदून विचारलं, पन ती काय सांगंना. पोरगीच निघाली तर काय करायचं रं?"

दुकानातली गिऱ्हाइकं खिळ्यांच्या डब्यांकडं बघू लागली. शेवटी साजिदभाईच फोनकडं वाकले.

"घाबरू नका, मावशी. नर घ्या न्हायतर मादी, भाव एकच हाय."